छिंदवाड्याचा फॉर्म

माझ्या पोरीला बारावीत चौपन्न टक्के पडले. नापास झाली असती तर रडून मोकळे झालो असतो. फर्स्ट आली असती तर पेढे वाटले असते. चौपन्नावर माणसानं काय करावं, हे कोणी सांगून ठेवलेलं नाही.

मी स्वतः चौथी पास. पांढुर्ण्याच्या संत्रा मंडीत पेट्या भरायचं काम जन्मभर केलं. सही येते, पेपर वाचता येतो, आणि मी भरलेली पेटी दिल्लीत उघडली तरी आतलं संत्रं जागचं हललेलं नसे. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. खरं सांगायचं तर बढाई म्हणूनच लिहितो.

साल अठ्ठ्याऐंशी. पोरगी आमची पहिली, आणि माझ्या व बायकोच्या दोन्ही घराण्यांत बारावीपर्यंत पोचलेली पहिलीच. तिला शेतकी शिकायची होती. लहानपणी माझ्यासोबत बगिच्यात यायची आणि संत्र्याचं झाड शेंड्यापासून का वाळते, हे मालकाला विचारायची. मालक हसायचा. तिला हसणं नको होतं, उत्तर पाहिजे होतं. शेतकीची डिग्री म्हणजे जबलपूर. तिथं मार्कांची यादी लागायची, आणि यादीत साठाच्या खालचा माणूस क्वचितच दिसायचा, असं शाळेतले सर म्हणत.

निकालानंतरच्या रविवारी माझा साळा सौंसरहून आला. तो तिथं सरकारी कचेरीत बाबू होता. येताना दोन फॉर्म घेऊन आला आणि खाटेवर शेजारी शेजारी मांडले. एक जबलपूरचा. दुसरा छिंदवाड्याच्या कॉलेजचा, बी.एस्सी.चा.

"भाऊजी, हा मोठा आणि हा लहान. दोन्ही भरू. मोठ्यात लागली तर झकास. नाही लागली तर छिंदवाडा कुठं पळून नाही चालला. बी.एस्सी. झाली की पुढं शेतकीचंही पाहता येते."

"चौपन्नावर मोठ्यात कशी लागन?"

"सवलतीच्या जागेवर लागते ना. जातीचं प्रमाणपत्र लावू."

इथं थोडं सांगितलं पाहिजे. आम्ही बौद्ध. माझ्या बापानं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली तेव्हा मी सोळा वर्षांचा, त्याच्या शेजारी उभा होतो. परत आल्यावर बापानं घरातले देव जाम नदीत सोडले आणि जुनी जात त्याच दिवशी संपली. तिचं नाव मी इथंही लिहिणार नाही. पण त्या काळी आमच्या इकडे कागदावर बौद्ध लिहिलं की सवलत जायची. सवलत पाहिजे असेल तर धर्म हिंदू लिहा, जात जुनी लिहा. वस्तीतल्या अर्ध्या लोकांनी तसंच लिहिलं होतं. घरी वंदना, कागदावर जुनं. साळ्याचंही तसंच होतं.

मी म्हटलं, "तुझ्या कागदावर काय आहे ते मले माहीत आहे, बाबू. म्हणून तू खुर्चीवर बसून राहिला."

तो रागावला नाही. हसला. "खुर्चीवर बसूनच दर पौर्णिमेला विहारात वर्गणी देतो ना, भाऊजी. तुमच्याहून जास्त देतो. कागद वेगळा, माणूस वेगळा."

"माझ्या घरी कागद अन् माणूस एकच आहे."

"मग पोरीला खुल्यातून भरता काय? चौपन्नावर?"

"खुल्यातूनच भरू," मी म्हटलं. "अन् जबलपूरच भरू."

पोरगी दारात उभी होती. म्हणाली, "बाबा, खुल्यात नाही लागणार. सर बोलले. छिंदवाड्याचा तरी भरते."

मी तिला जे उत्तर दिलं ते मला आजही जसंच्या तसं आठवते. म्हटलं, "एका घरी बोलणी चालू असताना दुसऱ्या घरचा उंबरा चढत नसतात. पहिल्या घरचं उत्तर येऊ दे."

बायको चुलीपुढं होती. रामाकोना तिचं माहेर, बोलण्यात कधी हार जायची नाही. ती तिथूनच म्हणाली, "काहो, आपण पोरीचं लगन करून राहिलो की तिले कॉलेजात घालून राहिलो? सोयरिकीत दोन घरं पाहणं वाईट. फॉर्मात काय वाईट आहे? जबलपूरवाल्याले छिंदवाडेवाला सांगायले जाणार आहे का?"

सगळे हसले. मी हसलो नाही. माझ्या मनात जे होतं ते मी त्या दिवशी कोणाला सांगितलं नाही. मला वाटत होतं, लहान फॉर्म भरला म्हणजे आम्हीच कबूल केलं की सवलत नसली तर आमची लायकी लहानच आहे. साळ्यानं ते ऐकून म्हटलं असतं, पाहा, मी सांगत नव्हतो? तेच मला नको होतं.

साळा मात्र चिवट. मंगळवारी सौंसरला या म्हणाला, नुसतं प्रमाणपत्राचं तहसीलच्या साहेबांना विचारू. मी पोरीला घेऊन गेलो. बस जामसांवलीच्या मारुतीला जाणाऱ्या लोकांनी खच्चून भरलेली, तिथं अर्धी रिकामी झाली तेव्हा आम्हाला बसायला जागा मिळाली. पोरीनं नवी ओढणी घेतली होती. वाटेत ती एकच बोलली, "बाबा, तुम्हाला पटलं नाही तर सही करू नका. पण मामावर ओरडू नका."

तहसीलच्या बाहेर चहाच्या टपरीवर साळ्यानं प्रमाणपत्राचा अर्ज पुढं ठेवला. सगळा भरून आणला होता. नाव, गाव, बापाचं नाव. धर्म हिंदू. त्याखाली ते. फक्त माझी सही बाकी.

"भाऊजी, दोन अक्षरं आहेत. डोळे मिटून करा. पोरीचा जन्म निघून जाईन."

"डोळे मिटून मी कधी पेटी नाही भरली," मी म्हटलं. त्याच्याच खिशातला पेन घेतला, ते दोन्ही शब्द खोडले आणि वर मोठ्या अक्षरात बौद्ध लिहिलं. दोन्ही रकान्यांत. मग खाली सही केली, पूर्ण नावाची.

टपरीवाला पाहत होता. साळ्यानं कागद उचलला आणि म्हणाला, "अक्षर चांगलं आहे तुमचं. आता याचा चहा गाळायले उपयोग करू." मग माझ्याशी दोन महिने बोलला नाही.

पोरगी काहीच बोलली नाही. मला वाटलं, तिला बापाचा अभिमान वाटला असेल. आपल्याला जे पाहिजे ते दुसऱ्याच्या गप्प बसण्यात दिसते.

जबलपूरचा फॉर्म मी स्वतः पोस्टात टाकला, रजिस्ट्री करून. खुल्या जागेसाठी. छिंदवाड्याचा तिनं भरून ठेवला होता, फोटो लावून. फक्त पालकाची सही पाहिजे होती. तिनं दोनदा माझ्यापुढं आणला. एकदा मी जेवत होतो, एकदा मंडीत निघालो होतो. दोन्ही वेळा म्हटलं, पहिल्याचं येऊ दे. तिसऱ्यांदा तिनं आणला नाही. बायकोनं विचारलं तर पोरगी म्हणाली, "बाबाला माहीत आहे तारीख."

मला तारीख माहीत होती. पण मी मनाशी धरून बसलो होतो की जबलपूरवाले अक्षर पाहतील, पोरीनं शेतकी का शिकायची त्याचं अर्धं पान लिहिलं होतं ते वाचतील, आणि म्हणतील, ही पोरगी घेऊ. मंडीत तसं चालायचं. व्यापारी माल पाहायचा, हातात घ्यायचा, मग भाव बोलायचा. यादी ही काय चीज असते, ती कोणाला हातात घेऊन पाहत नाही, हे मला समजत नव्हतं. समजावून सांगणारे घरात तीन होते.

जबलपूरहून पत्र आलंच नाही. शेवटी साळ्याच्या कचेरीतला एक जण कामानं तिकडं गेला होता, तो यादी पाहून आला. नाव नव्हतं. साळ्यानं निरोप बायकोकडं दिला, माझ्याकडं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोरीला म्हटलं, "चल, छिंदवाड्याला."

"तारीख गेली, बाबा. आठ दिवस झाले."

"मी बोलतो त्यांच्याशी."

सौंसरपर्यंत बस, पुढं छोट्या लाईनची गाडी. ती गाडी इतकी हळू चढायची की पोट्टे उतरून सीताफळं तोडून परत चढायचे. मी पूर्ण रस्ता काय बोलायचं ते मनात जुळवत होतो, हिंदीत.

कॉलेजच्या ऑफिसात एक म्हातारे बाबू होते. भले माणूस. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं. पोरीचा फॉर्म उघडला आणि सवयीनं मोठ्यानं वाचत गेले. नाव. जन्मतारीख. "धर्म, बौद्ध. जाति, बौद्ध. चौवन प्रतिशत." मग चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "पहले क्यों नहीं आए भाई? इतने में तो हो जाता इसका. सीट थी."

मी त्या फॉर्मकडं पाहत राहिलो. तिनं तिच्या हातानं लिहिलं होतं. खोडाखोड नाही, काही नाही. माझ्याकडं दोनदा आणला तेव्हा मी तो उघडूनसुद्धा पाहिला नव्हता. जिथं बौद्ध लिहूनही तिला घेणार होते, तो दरवाजा मीच बंद ठेवला होता.

मी आयुष्यात कोणापुढं हात जोडले नव्हते. त्या दिवशी जोडले. बाबू उठून उभे राहिले. "अरे, हाथ मत जोड़ो दादा. लिस्ट ऊपर चली गई. मेरे हाथ में होता तो..."

पोरीनं माझा हात धरून खाली केला. "चला बाबा," म्हणाली. "गाडी सुटन."

तिनं मग पांढुर्ण्यातूनच बी.ए. केलं, घरी बसून. ते चालू असतानाच तिगावच्या शाळेत मास्तरीण झाली. चांगली मास्तरीण झाली, लोक अजून नाव काढतात. म्हणजे तिचं वाईट झालं असं कोणी म्हणणार नाही. पण तिला झाडाचं उत्तर पाहिजे होतं. ते तिला कोणी दिलं नाही.

दोन वर्षांनी कायदा बदलला. बौद्ध लिहूनही सवलत मिळेल, असं दिल्लीत ठरलं. साळा पेढ्याचा पुडा घेऊन आला. माझ्या पाया पडला, खरोखर पडला. "भाऊजी, जिंकले तुम्ही. आम्ही सारे चुकलो." वस्तीतले लोक आले. मी ताठ बसलो होतो. पुढं आमच्या लहान पोराचे, तिच्या भावाचे, फॉर्म भरायचे होते तेव्हा पोरीनंच भरले, पाच कॉलेजांचे, लहान-मोठे सगळे. माझ्यापुढं सहीला ठेवले. मी एकही न वाचता सह्या केल्या.

त्या पेढ्याच्या दिवशी लोक गेल्यावर मी तिला म्हटलं, "पाहिलं? बाप बरोबर होता."

ती भांडी आवरत होती. "हाव बाबा, तुम्ही बरोबरच होते," म्हणाली. "टपरीवर तुम्ही खोडलं तेव्हा मले आवडलं होतं. पण मी तेव्हा अठराची होती. आता वीसची आहे अन् नोकरीवर आहे."

रागानं नाही बोलली. रागानं बोलली असती तर मी भांडलो असतो, आणि मला भांडता येते.

त्या प्रमाणपत्रावर मी आजही सही करणार नाही. पुन्हा पुढं ठेवलं तर पुन्हा खोडीन. त्याचा मला पस्तावा नाही, आणि कोणी दुसऱ्याचं म्हणणं माझ्या तोंडी घालू नये. पस्तावा दुसऱ्याच कागदाचा आहे. त्याच्यावर सही करायला मला काहीच सोडावं लागत नव्हतं, ना धर्म, ना नाव. फक्त एवढं मान्य करायचं होतं की माझी पोरगी चौपन्न टक्क्यांची आहे आणि तेवढ्यातही ती चालू शकते. ते मला लहान वाटलं. तिला ते लहान वाटत नव्हतं. शिकायचं तिला होतं.