सुतळीचं दुसरं टोक

"हा टायर आहे का सोललेलं केळं?" तळवलीच्या नाक्यावर मी असा ओरडलो की ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांनी लाजून आपापले हॉर्न बंद केले. हातात माझ्या फियाटचा काढलेला पुढचा टायर. चार महिन्यांचा नवा! बाहेरची कड करकरीत, आणि आतली इतकी गुळगुळीत की आरसा समजून भांग पाडावा. आदल्याच दिवशी ओल्या वळणावर गाडी घसरली ती मिठागराच्या बांधाला जाऊन टेकली. मागे बायको आणि दोन मुली. तेव्हापासून बायको माझ्याशी फक्त मुलींमार्फत बोलत होती.

समोर उभा गॅरेजवाला मिस्त्री, सहा वर्षांपासूनचा माझा जिवलग. नव्या शहरासाठी जमीन गेल्यावर यानं नांगर सोडून पाना धरला. चाकांचा रोख, म्हणजे अलाइनमेंट, तो सुतळीनं लावायचा; हा रोख चुकला की टायर एकाच कडेनं झिजतो. मागच्या चाकापासून पुढच्यापर्यंत सुतळी ताणायची, एक टोक त्याच्याकडे, दुसरं माझ्याकडे. मग एक डोळा मिटून तो चाकांमधल्या दांड्याला अर्धा आटा द्यायचा. "मशिनीत काय हाय? सगला मानसाच्या डोल्यात हाय!" त्या डोळ्याला चंद्र वाकडा दिसला तर चूक चंद्राची, असं मी वाशीतल्या आमच्या सोसायटीत सांगत फिरलो आणि अकरा गाड्या त्याच्याकडे धाडल्या.

"तुमीच वलनं जोरात घेतां," तो शांतपणे म्हणाला.

झालं, मी विरघळलो. चिखलात गुडघे टेकून पुन्हा सुतळी धरली. वर ओरडल्याबद्दल माफीही मागितली, मूर्खासारखी.

पुढच्या रविवारी नवा टायर घ्यायला ठाण्याला गेलो. दुकानामागे अलाइनमेंटचं मशीन होतं, चाकांना आरसे लावून भिंतीवर उजेडाची रेघ पाडणारं. त्यावर चढवलेली जीप मी लगेच ओळखली. मिस्त्रीची. शेजारी मिस्त्री स्वतः, हात जोडायचेच बाकी, देवळात उभा असावा तसा.

सगळं ठाणं बहिरं करायच्या तयारीनं मी छाती भरून घेतली. आवाज निघाला तो मांजराच्या पिल्लाएवढा.

"मिस्त्री... आणि सुतळी?"

त्यानं मान वळवली नाही. रेघेकडेच बघत म्हणाला, "या गाडीत माजी पोरं बसतान."