सोनाळ्याच्या घराची चौकट आम्ही दोनदा बसवली

डिसेंबरच्या सुट्टीत मैत्रिणी गोव्याला निघाल्या आणि मी हेल्मेट, हातमोजे आणि दोन जुने ट्रॅकसूट भरून शेगावच्या गाडीत बसले. आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे मी. घरांची चित्रं काढून बोटं झिजली, पण आयुष्यात एक वीट रचली नव्हती. कॉलेजनं विचारलं, सोनाळ्यात खरंखुरं घर बांधायचंय, कोण येतंय? सरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझा हात वर. आम्ही नऊ जण, आराखडा आमचा आणि मजुरीही आमचीच.

तुम्ही त्या बाजूला जाणार असाल तर ऐका. शेगावला उतरल्यावर गरम कचोरी खा, पण दोनच. चार खाऊन वरवट बकालच्या एसटीत बसणाऱ्याचं काय होतं ते आमच्या निखिलला विचारा. वरवटहून पुढे काळीपिवळी जीप मिळते. ती भरल्याशिवाय हलत नाही आणि ती भरली असं आपल्याला वाटतं तेव्हा अजून पाच जण यायचे असतात. भाडं किरकोळ आहे, कंबर मात्र सांभाळा. समोर सातपुडा ठळक दिसायला लागला की सोनाळा आलंच. आम्हाला शाळेची खोली मिळाली होती. तुम्ही मुक्काम शेगावलाच धरा.

घर सुमनकाकू आणि गजाननकाकांचं. पावसाळ्यात त्यांची जुनी भिंत बसली, तेव्हापासून दोघं टिनाच्या एका खोलीत राहत होते. त्यांची एकुलती लेक वर्षा पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. काकूंनी पहिल्याच चहाला सांगून टाकलं, "पोरीहो, बाकी काई करा नका करू, पन छप्पर टाकूनच जा. टिनाखाली बाळंतीन निजवू का मी?"

झालं, सुट्टी संपायच्या आत छप्पर. पाया आमच्या आधीच्या तुकडीनं दिवाळीत भरून ठेवला होता. त्या काळ्या मातीत तो खोल न्यावा लागतो, नाहीतर माती उन्हाळ्यात फाटते आणि भिंतीलाही फाडते. आम्ही भिंती घेतल्या. गावातले सलीमभाई मिस्त्री आमच्यावर देखरेखीला होते आणि दिवसभर त्यांची टकळी चालू असायची. "हळू ठेव बे, वीट हाय ते! काऊन आपटून राह्यला?" हे निखिलसाठी राखीव वाक्य होतं. मला त्यांनी तिसऱ्या दिवशी "जमते तुले" म्हटलं आणि मी ते घरी फोन करून कळवलं.

शुक्रवारी सलीमभाई लग्नाला गेले आणि काका-काकू बाजाराला. आम्ही वेळापत्रकाच्या पुढे होतो आणि तेच डोक्यात गेलं होतं. सागवानी चौकट भिंतीला टेकून उभीच होती. संध्याकाळपर्यंत बसवून टाकू, काकू खूश होतील! कल्पना निखिलची, उत्साह माझा. ओळंबा लावून बघितला, चौकट केसभरही कललेली नव्हती. दोन्ही बाजूंनी विटांचे थरसुद्धा चढवले. मग तिच्यात उभं राहून नऊ जणांचा फोटो काढला.

काकू आल्या, बघितलं, "बरी झाली" म्हणाल्या आणि टिनाच्या खोलीत गेल्या. दुसऱ्या दिवशी चहा आला तो बाहेरच. एरवी काकू किटली घेऊन थेट आत यायच्या, एकेकाला कप हातात द्यायच्या. आज किटली विटांच्या ढिगावर ठेवून त्यांनी हाका मारल्या. दुपारी पाणीही तसंच. चौकटीच्या आत त्यांनी पाऊल टाकलंच नाही.

उलगडा सलीमभाईंनी केला. ते आले आणि बघतच राहिले. "उभी केली? अन् नारळ कोनं फोडला?"

कुणीच नाही.

"हाव, म्हनजे माही टोपी अन् उपरनं बी बुडवलं तुमी," ते हसले, कारण चौकटीच्या पूजेला मिस्त्रीला टोपी-उपरण्याचा मान असतो, आणि मग गंभीर झाले. काकूंच्या घरात उंबऱ्याला आणि चौकटीला लेकीच्या हातचं हळदीकुंकू लागतं, त्याशिवाय ती उभी राहत नाही. त्यासाठी वर्षा रविवारी येणार होती. आम्ही तिच्या आधीच दार उभं करून बसलो होतो.

सरांना फोन लावला. ते म्हणाले, उभ्या चौकटीचीच पूजा करा. काढायची तर वेळ जाईल, छप्पर राहील. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझं डोकंच फिरलं. "काकू आत येत नाहीयेत! त्या येणार नसतील तर छप्पर कुणासाठी टाकायचं?" मी तडक काकूंकडे गेले. "चौकट काढली तर चालेल?"

"अन् छप्पर?"

"तेही होईल," मी ठणकावून सांगितलं. कसं होईल ते मला माहीत नव्हतं, पण होईल याची खात्री होती.

थर कच्चे होते, वीट न फोडता निघाले. रविवारी चौकट ओट्यावर आडवी ठेवली, ताट तयार झालं आणि वर्षाचा फोन आला. डॉक्टरांनी सध्या प्रवासाचे धक्के नकोत म्हणून सांगितलं होतं. काकू ताट मांडीवर घेऊन तशाच बसून राहिल्या. फोन स्पीकरवर होता.

"आई, चौकट काढाले लावनारी पोरगी कोन म्हनली होतीस? तिलेच लेक मान. लाव म्हना तिले हळद."

मी हळदीची बोटं चौकटीवर उमटवली. काकांनी नारळ फोडला, सलीमभाईंनी टोपी घालून ऐट केली, सगळ्यांनी मिळून चौकट उचलली. ती बसल्यावर काकू आत आल्या आणि त्यांनी माझ्या हातात साडी ठेवली. "वर्षाची येगळी हाय. हे तुही." मी सगळ्यांदेखत रडले. निखिलनं फोटो काढला. धमकी देऊन पुसायला लावला.

सोमवारपासून काकांचे भाऊ आणि शेजारी न बोलावता कामावर हजर झाले. शेवटच्या दुपारी छप्पर चढलं. नव्या अंगणात गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी आणि वर तुपाची धार. माझं ऐका, गोवा गेला खड्ड्यात.

पुण्यात परतल्यावर परीक्षकांपुढे ज्यूरी झाली, मार्क चांगले पडले, हाताचे फोड बरे झाले. साडी कपाटात होती. आणि काल काकूंचा फोन आला.

"वर्षाले पोरगी झाली वं! दवाखान्यातून सरळ नव्या घरात आनली. रविवारी बारसं हाय."

"काकू, सोमवारी सबमिशन आहे माझं."

"मंग? मावशीबिगर बारसं होते का?"

मी आईबाबांची एकुलती एक. मला कुणी मावशी म्हणेल हे माझ्या पत्रिकेतच नव्हतं. शनिवारचं तिकीट काढलंय.