विसळून आणलेला तांब्या

"तो तांब्या जरा विसळून आणा," सर शिपायाला म्हणाले.

तांब्या रिकामा होता. पाण्याचा थेंबही पडला नव्हता त्यात. सकाळपासून तो सगळ्या स्पर्धकांच्या आणि परीक्षकांच्या हातांतून फिरत होता. तोवर कुणाला तो विसळावासा वाटला नव्हता. माझा हात लागला आणि गरज पडली.

सर म्हणजे मुख्य परीक्षक. चित्रकला शिकवण्यात हयात गेलेली, पांढरे केस, बोलणं मऊ. शिपाई गोंधळून बघत राहिला, तेव्हा त्यांनी कारणही दिलं. "तांब्याला बोटांचे डाग दिसतात हो." खरंच दिसतात. पुण्यात अपमानसुद्धा कारणासकट करतात. तक्रार करायला जावं तर आपणच खुळे ठरतो.

शिपाई तांब्या घेऊन गेला. मी माझी पेटी उचलली आणि बाहेर आले. मागून नळाचा आवाज येत होता.

स्पर्धा वेष्टनाच्या डिझाइनची होती. हिंजवडीकडे तेव्हा काचेच्या इमारती भराभर उठत होत्या. त्यांतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीला परदेशी पाहुण्यांना द्यायला पुण्याची भेट हवी होती. भेट ठरली कसबा पेठेतल्या कारागिरांनी ठोकलेला तांब्या. त्याला पेटी हवी होती, म्हणून स्पर्धा. मी कर्वेनगरात एका स्टुडिओत डिझायनर होते. साबणाची, बिस्किटांची, अगरबत्तीची खोकी करायचे. आमचे मालक म्हणाले, "तू पाठव. बाकीच्यांना कामं आहेत." मालकांचं प्रोत्साहन असंच असायचं.

माझी पेटी एकाच जाड पुठ्ठ्याची होती. डिंक नाही, टाचण्या नाहीत, सगळी घड्यांवर उभी. झाकणाचे दोन पाखे दोन हातांनी बाजूला केले की आतली बैठक वर यायची आणि तांब्या समोरच्याच्या हातात यायचा. एका हाताने ती पेटी उघडतच नसे. दोन्ही हात पुढे करावेच लागत.

ती मला आजीमुळे सुचली. आजी लोणी काळभोरची. तरुणपणी दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. तहान लागली की मालकाच्या पायरीखाली उभं राहायचं, ओंजळ करायची, आणि वरून कुणीतरी पाणी ओतायचं. भांडं ओंजळीला लागू नये एवढ्या उंचीवरून. निम्मं पाणी कोपरावरून खाली जायचं. पुढे आजोबांनी धम्म स्वीकारला, घरातले देव नदीत सोडले, मुलाला शिकवून मास्तर केलं. तेव्हा आजी कसबा पेठेत गेली आणि स्वतः निवडून तांब्या घेऊन आली. दारात कुणीही येवो, ती तांब्या त्याच्या हातात द्यायची. त्याने दोन्ही हातांनी धरेपर्यंत सोडायची नाही. कुणी संकोचला तर म्हणायची, "धर की. चावत न्हाई त्यो." तिचं ते देणं मला पुठ्ठ्यात उतरवायचं होतं. बक्षीस हवं होतं, नाही कशाला म्हणू? पण ही पेटी माझी आहे, माझ्या घरातून आली आहे, हे त्या हॉलमध्ये कुणीतरी मान्य करायला हवं होतं. मला तेवढंच पाहिजे होतं.

पहिल्या फेरीत पेट्या रिकाम्याच तपासल्या. पांढऱ्या चादरीवर मांडलेल्या, वरून दिवे. आत तांब्या ठेवून कुणी पाहिलं नाही, कारण चरे पडतील. वस्तूशिवाय वेष्टनाची परीक्षा. नवरीशिवाय शालू बघून लग्न ठरवावं तसं. प्रत्येक पेटीला नुसता क्रमांक. नावं झाकलेली. निःपक्षपातीपणा म्हणतात त्याला. त्या झाकलेपणात माझी पेटी अंतिम फेरीत गेली.

अंतिम फेरीत स्पर्धकाने आत तांब्या ठेवून आपली पेटी परीक्षकांसमोर मांडायची होती. सगळ्यांना मिळून एकच तांब्या. मी पेटी सरांपुढे सरकवली. त्यांनी पाखे उघडले आणि तांब्या वर आला. त्यांनी तो नकळत दोन्ही हातांनी धरला. मग बाकीच्या परीक्षकांकडे वळून म्हणाले, "बघा, याला म्हणतात संस्कार. देवघर असलेल्या घरात वाढलेल्या माणसालाच हे सुचतं."

मला हसू येत होतं.

"आपलं पूर्ण नाव?" त्यांनी विचारलं.

मी नाव सांगितलं. वडिलांचं सांगितलं. आडनाव सांगितलं.

सरांनी तांब्या टेबलावर ठेवला. माझ्याकडे परत दिला नाही, टेबलावर ठेवला. शेजारच्या परीक्षक बाईंनी गाव विचारलं. मी लोणी काळभोर म्हणाले. "म्हणजे गावात, की..." असं म्हणून त्या थांबल्या. वाक्य पूर्ण करायची त्यांना गरज नव्हती, आणि मलाही ते नवीन नव्हतं.

"कल्पना कुठून घेतलीस?" सरांनी विचारलं. मिनिटापूर्वी मी 'आपण' होते. आता कल्पनासुद्धा मला सुचली नव्हती, मी ती कुठून तरी घेतली होती. मी म्हटलं, घरून. तेव्हा ते त्याच मऊ आवाजात म्हणाले, "तुमच्या घरी तांब्या होता?"

"होता," मी म्हणाले. आजीचं सगळं सांगायचं होतं. तेवढ्यात पुढच्या स्पर्धकाचं नाव पुकारलं गेलं आणि सरांनी शिपायाला हाक मारली.

निकाल लागला. पहिलं बक्षीस परदेशात शिकून आलेल्या एका तरुणाला. त्याच्या पेटीवर पैठणीचे काठ, सोनेरी श्लोक. आत तांब्या लटपटत होता म्हणे, सरांनी स्वतः पेटीला हात लावून धरला. मला 'विशेष प्रेरणा पुरस्कार'. स्पर्धेच्या जाहिरातीत हे बक्षीस नव्हतंच. खास माझ्यासाठी शिवलं होतं. माप आडनावाचं.

समारंभाला आई आली. ठेवणीतली साडी नेसून, लोणीहून बस बदलत. संयोजकांनी तिला पुढच्या रांगेत बसवलं. मला वाटलं मान दिला. मग कळलं, दाखवायला बसवलं होतं. निवेदिकेने माझं आयुष्य सांगायला सुरुवात केली. झोपडीत जन्म. कंदिलाच्या उजेडात अभ्यास. कचऱ्यातले पुठ्ठे वेचता वेचता लागलेली कलेची गोडी. माझे वडील शाळेत मास्तर होते. आमच्या घरात वीज होती, पुस्तकांचं कपाट होतं, आणि पुठ्ठा मी विकत आणत होते. हे मला कुणी विचारलं नव्हतं. निवेदिकेने आईकडे हात केला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई मान खाली घालून बसली. तिच्या नवऱ्याची सगळी नोकरी त्या टाळ्यांत पुसून टाकली होती. त्याच रागात मी मंचाच्या पायऱ्या चढले.

बक्षीस म्हणून प्रत्येकाला तसाच एक तांब्या होता. सरांनी तो माझ्यापुढे धरला. एका हाताने. दुसरा हात कॅमेऱ्याकडे बघून माझ्या डोक्यावर ठेवायला उचललेला.

मी हात पुढे केले नाहीत. माइक जवळच होता.

"सर, हा विसळून आणलाय का?"

सभागृहाला कळलं नाही. सरांना कळलं. शिपाई पडद्याजवळ उभा होता, त्यालाही कळलं. मग मी सगळ्यांना सांगितलं. ओंजळ सांगितली, कोपरावरून जाणारं पाणी सांगितलं, ही पेटी कुणाच्या हातांतून आली ते सांगितलं. देवघर आमच्या घरात नाही हेही सांगितलं. "पेटी पहिल्या नंबराची असेल तर तसं म्हणा, नसेल तर रिकाम्या हाताने पाठवा. पण दया करून मला वेगळ्या पंगतीत बसवू नका." एवढं बोलेपर्यंत माइक बंद झाला होता.

सर जवळ आले. ओठ फारसे न हलवता म्हणाले, "म्हणूनच तुम्हा लोकांना पुढे आणायचं नसतं."

निवेदिका हसून काहीतरी म्हणाली आणि पुढचं नाव पुकारलं. मी तांब्या न घेता खाली उतरले. त्या हॉलमधला एकही माणूस उठला नाही.

बाहेर मालक भेटले. उद्यापासून येऊ नकोस म्हणाले, सर त्यांचे गुरू होते. बसमध्ये हडपसर मागे पडल्यावर आई म्हणाली, "बोललीस ते खरं हाय. पर आता तुला कोण कामावर घेईल?" तिचं बरोबर होतं. कुणी घेतलं नाही. पुण्यातल्या स्टुडिओंमध्ये माझं काम बघण्याआधी माझा किस्सा पोचायचा.

काही महिन्यांनी कसबा पेठेत एका तांबटाच्या दुकानात त्या भेटीच्या पेट्या रचलेल्या दिसल्या. वरून पैठणी, सोनेरी श्लोक. मी एक हातात घेतली, पाखे बाजूला केले. बैठक वर आली. घड्या माझ्या होत्या, प्रत्येक घडी. नाव त्या तरुणाचं छापलेलं. दुकानदार कौतुकाने म्हणाला, "काय डोकं चाललंय बघा." मी पेटी मिटवून ठेवली आणि चालत निघाले. रडले नाही. रडायचं ते हॉलमधल्या त्या नळाच्या आवाजातच संपलं होतं.

आता माझी स्वतःची जागा आहे. लहान आहे. तुम्हीही वाचताना माझ्या आडनावाचा अंदाज बांधत असाल. बांधा. स्पर्धांची निमंत्रणं अजून येतात, नाव झाकून पाठवा म्हणतात. मी पाठवत नाही. झाकलेल्या नावाचं कौतुक मी एकदा ऐकलं आहे. माझ्या प्रत्येक पेटीवर, जिथे उघडताना बोट लागतंच तिथे, मी पूर्ण नाव छापते. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, ठळक. छोटं करा म्हणणारं गिऱ्हाईक मी परत पाठवते. ज्याला त्या नावाला हात लावायचा नसेल, त्याने माझी पेटी उघडायची नाही.