ध आला की बोट उचल

गुजरातला लागून असलेल्या सिल्वासात आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाट्या रंगवणारा एक खानदेशी पेंटर बसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. मुलांनो, तुमची आई तेव्हा दुसरीत होती. तिला घ आणि ध सारखेच दिसत. शाळेत तिला नापास करायचं चाललं होतं आणि मीही तिला ‘ढ’ म्हणू लागले होते.

एका संथ दुपारी मी तिला तसं म्हणताना ऐकून त्या पेंटरनं तिचं बोट ओल्या निळ्या अक्षरांवरून फिरवलं. “‘घ’वर रेघ सलग. ‘ध’वर तुटते, तिथं बोट उचल.” मग मला म्हणाला, “बेन, ढ पाटीवर शोभतो. पोरीला कशाला म्हणता?”

त्या दिवसापासून आम्ही पिठात अक्षरं गिरवली. ती पास झाली.

आजही वाचताना तुमच्या आईचं बोट हवेत चालतं आणि मध्येच उचललं जातं. तिला हसू नका.