चढावर वाढणारं पेट्रोल

काटेचाचा बोनेट म्हणून उघडायचे नाहीत. जुन्नरात कुणाचीही मोटार बिघडली, की चाचा ड्रायव्हरच्या जागेवर बसायचे, डोळे मिटायचे आणि समोरच्या काट्यांच्या काचेवर बोट ठोकायचे. शेजारी कुणी खोकलं तरी खेकसायचे, "गप राव! काटा बोलतोय!"

काटा पडून राहिला तर "रुसलाय", थरथरला तर "भ्यालाय". रुसवा काढताना ते अशा काही लाडिक शिव्या घालत, की मोटारीचा मालक लाजून लांब जाऊन उभा राहायचा.

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. माझं लग्न मढच्या मुलीशी ठरलं. माझ्याकडे एक खटारा मोटार होती, तिच्यावरच पोट. होणाऱ्या सासऱ्यांनी अट घातली, "मोटार न ढकलता मांडवात आली, तरच लगीन. माझ्या पोरीनं काय जल्मभर ढकलायचं?"

आदल्या दिवशी चाचांनी काटे खोलून दुरुस्त केले. वऱ्हाड निघालं, चढ लागला आणि नवलच झालं. पेट्रोलचा काटा वर सरकू लागला! इंजिनाच्या तापाचा मात्र खाली. शेजारी बसलेले चाचा छाती फुगवून म्हणाले, "पेट्रोल वाढतंय, इंजिन थंड व्हतंय. अशी मोटार गोऱ्या सायबाकडं बी नव्हती!" मागे बसलेल्या माझ्या मावशीनं काचेला हळदकुंकू लावलं. मग तर काटेच दिसेनात.

मढच्या शिवेवर भसकन वाफ उसळली आणि मोटार बसली. समोर सासरे, नवरदेवाचे पाय धुवायला घागर घेऊन उभे! वऱ्हाडी ढकलायला उतरले. ढकललं की लग्न मोडलं! पोरगी मला मनापासून आवडली होती हो.

"कुणी हात लावू नका!" चाचा ओरडले. काच पुसली, ठोकली, डोळे मिटले. उघडले तेव्हा चेहरा पडलेला. "तारा उलट्या जोडल्या म्या. पेट्रोलच्या काट्याला इंजिनाचा ताप चढला राव." वाफ निवल्यावर त्यांनी सासऱ्यांच्या हातची घागर सरळ काढून घेतली. "पावणं, जावयाचे पाय उद्या बी धुता येतील. आधी हिला पाजा."

मोटार गुरगुरली आणि कोरड्या पायांचा नवरदेव थेट मांडवात. मागून सासरेच धावत ओरडत होते, "न ढकलता आली! न ढकलता आली!"

पाठवणीला चाचांनी नवरीदेखतच मला बजावलं. "हिच्या मनातलं तोंड बघून ठरवू नको. हिलाच इचार."

पुढे चाचा गेले. त्या दिवशी बायको विझलेली चूल फुंकत बसली होती. मी विचारलं, तशी हमसून हमसून रडायला लागली. म्हणाली, "चाचा आले तुमच्या वऱ्हाडातनं, पण माझं माहेरचं माणूस गेलं हो."