झेलणारी

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग. आई म्हणायची, "ही पोट्टी आधी मारते, मंग पाहते कोणाले लागलं ते." खेळातही मी तशीच होते.

तेव्हा आम्ही अकोल्यात राहायचो आणि मी अकरावीच्या क्लासला जायचे. माझी मैत्रीण रोज बाळापूरहून एसटीनं यायची. क्लास सुटला की तिच्या बसला तासभर अवकाश असायचा. तो तास आम्ही मागच्या गल्लीतल्या नेट कॅफेत घालवायचो, शेजारशेजारच्या दोन कॉम्प्युटरवर. खेळ होता अजब प्राण्यांच्या लढाईचा. आम्हा दोघींची मिळून एक टीम आणि समोर कुठले तरी अनोळखी दोघं. मैदानात माझा एक प्राणी, त्याच्या बाजूला तिचा एक. प्रत्येकाच्या डोक्यावर जिवाची पट्टी असायची, आधी हिरवी, मग पिवळी, मग लाल.

माझे तिन्ही प्राणी मारणारे. तिच्यातला एक नुसता मार झेलायचा. दुसरा समोरच्यांना झोपवायचा. तिसरा स्वतःचा अर्धा जीव काढून बाजूच्याला द्यायचा, म्हणजे मला. मी तिला चिडवायचे, "काय वं, तुले एकही धड मारणारा घेता येत नाही?"

"सगळेच मारतीन तं झेलन कोण?" ती म्हणायची.

एकदा मी वैतागून म्हटलं, "जीव देऊन राहिली तं आधी विचारत जा ना!"

"विचाराचं नसते वं. बाजूच्याची पट्टी पाहाची असते."

मी मात्र समोरच्यांच्याच पट्ट्या पाहायचे. आम्ही जिंकत होतो, मग बाकी कशाला पाहा?

दिवाळीनंतर अमरावतीत राजापेठेच्या एका कॅफेत या खेळाची स्पर्धा होती. आम्ही जोडीनं नाव दिलं. त्याच दिवशी ती म्हणाली, "पण मी तवरिक क्लासात असन का नाही, सांगता येत नाही." तिच्या अब्बांचं काम गाद्या-रजया पिंजून भरायचं. कापूस घरात आला की थंडीच्या तोंडाशी गावोगावचे लोक जुन्या गाद्या काढायचे, लग्नघरी नव्या भरायचे. त्या वर्षांत कपाशीवर लाल्या रोग पडत होता. लोकांना विकायलाच कापूस पुरेना, गादीत कोण भरणार? "हंगाम लागला तं क्लास. नाही तं बारावी घरूनच, झाली तं झाली."

"लागन वं, टेन्शन नको घेऊ," मी म्हटलं आणि पुढची लढाई लावली.

ती लढाई चालू असतानाच तिनं विचारलं, "तुमच्या घरच्या गाद्या कोण भरते?"

"आईले माहीत."

"कापसाच्या गाठी झाल्या असतीन ना?"

"हाव ना, पाठीले टोचते रात्रभर. अवं, जीव दे लवकर, मेला माझा!"

तिनं दिला. पुढे काही विचारलं नाही.

पंधराएक दिवसांनी ती नोट्स न्यायला घरी आली, तेव्हा दारात हातगाडी उभी होती. आईनं फोमच्या तीन गाद्या आणल्या होत्या. जिन्यात मी वरून ओढत होते आणि ती खालून आधार देत होती. तिन्ही गाद्या आम्ही दोघींनीच चढवल्या. जुन्या गाद्या व्हरांड्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. तिनं एकीची शिवण दाबून पाहिली. "काकू, फेकू नका. कापूस चांगला आहे अजून." आई "हाव बाई" म्हणाली आणि चहा टाकायला गेली. मी नोट्स शोधत होते.

दिवाळी झाली आणि तिनं सांगितलं, उद्यापासून येणार नाही. माझं डोकंच फिरलं. "स्पर्धेच्या तोंडावर दगा देऊन राहिली? लाज नाही वाटत?" कॅफेतले पोट्टे वळून पाहायला लागले. ती एवढंच म्हणाली, "राग नको धरू." वहीच्या कागदावर तिनं खेळातल्या आपल्या खात्याचा पासवर्ड लिहून दिला आणि बसला गेली. राजापेठेत मी क्लासातल्या एका पोराला घेऊन खेळले. तोही मारणाराच. पहिल्याच फेरीत घरी आलो, आणि त्याचंही खापर मी तिच्यावरच फोडलं.

पुढच्या थंडीत आईची कंबर धरली. "या फोमनं वाटोळं केलं माह्या पाठीचं," ती म्हणाली. "गेल्या वर्षी गादी भरणारा माणूस शोधू शोधू थकली मी. आपल्या लाइनीतल्या आठही घरच्या गाद्या भराच्या होत्या. कोणी भेटलाच नाही, मंग साऱ्याजणींनी फोम आणल्या."

मी म्हटलं, "तिचे अब्बा भरतात."

"कोणाचे?"

"बाळापूरच्या पोट्टीचे."

"अवं माय! ती तं घरी आली होती. मंग तवाच तुनं एका शब्दानं सांगाचं नाही का मले?"

मी व्हरांड्यात गेले. तिथल्या गाद्या आईनं उन्हाळ्यातच भंगारवाल्याला देऊन टाकल्या होत्या. मी खूप रडले. तिनं त्या फोमच्या तीन गाद्या आमच्या जिन्यानं चढवल्या होत्या, आणि मी वरून ओरडत होते, "नीट धर ना वं!"