खाज, जंतुनाशक आणि सासूबाई

सौदीतल्या हाइल शहरात सासरी येऊन मला जेमतेम चार महिने झाले होते, तेव्हा खाज सुटली. कुठे, ते फक्त बाईमाणसालाच सांगता येतं, आणि घरात बाईमाणूस म्हणजे एकट्या सासूबाई. नवऱ्याला आडून सांगून बघितलं, तर तो दुकानाची किल्ली शोधायला लागला. शेवटी मन घट्ट करून सासूबाईंना सांगितलं. भीती एकच, सून घाणेरडी असा शिक्का बसेल.

बसलाच. "रत्नागिरीत धुवायला शिकवलं नाही वाटतं," म्हणाल्या आणि इलाज सांगितला. कोमट पाण्यात झाकणभर जंतुनाशक टाकायचं आणि सकाळ-संध्याकाळ अगदी आतून धुवायचं. मी पडले आज्ञाधारक. खाज वाढली की मी झाकणं वाढवायची. महिन्याभरात आमच्या न्हाणीघराला इस्पितळाचा वास यायला लागला आणि मला धड बसता येईना.

मग डॉक्टरबाईंकडे गेलो. त्या सीरियाच्या, त्यांचं इंग्रजी माझ्या अरबीइतकंच. दुभाषी कोण, तर इथे तीस वर्षं काढलेल्या सासूबाई. माझं सगळं गुपित त्या खणखणीत अरबीत सांगत होत्या आणि मी अंगावरच्या काळ्या अबायाचं टोक पिळत बसले होते.

तपासून झाल्यावर डॉक्टरबाई बराच वेळ बोलल्या. सासूबाई मला म्हणाल्या, "आत चांगले जंतू असतात म्हणे, दह्याच्या विरजणासारखे. ते वाईट जंतूंना वाढू देत नाहीत. तू ते रोज धुऊन मारलेस. आतून काही म्हणजे काही धुवायचं नाही. बाहेरून साधं पाणी बस."

तू मारलेस! माझं डोकंच फिरलं. तेवढ्यात डॉक्टरबाईंनी जरा चढ्या आवाजात काहीतरी विचारलं.

"काय विचारतायत?"

"हे तुला कोणी शिकवलं, म्हणून."

आता बऱ्या सापडल्या, असं मला वाटलं. पण सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला होता. "सांगा, मोबाइलवर वाचलं," मी म्हटलं.

त्यांनी तसं सांगितलं नाही. "अना," म्हणाल्या. म्हणजे मी. तेवढी अरबी मलाही येत होती. मग एकदम हळू आवाजात त्या आणखी बरंच बोलल्या. डॉक्टरबाईंनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"आता काय सांगितलंत, अम्मी?"

"मलाही होतं म्हटलं," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून. विचारणार कोणाला होते मी?"